संगणकाची निद्रावस्था : लिनक्स गाभ्यातील विकास व परीक्षण

चालू असलेले काम न मोडता संगणकाच्या बहुतेक भागांचा वीजपुरवठा तोडणे आणि मागणी होताच तो पूर्वीच्याच स्थितीत पुन्हा चालू करणे, या व्यवस्थेस संगणकाची निद्रावस्था असे म्हणतात. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात, म्हणजे सस्पेंडमध्ये, केवळ स्मृतीला अत्यल्प वीज मिळत राहते व कामाची सर्व स्थिती तेथेच जपली जाते. जाग येण्यास काही सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. परंतु दरम्यान बॅटरी संपली, तर न साठविलेले काम नष्ट होते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे हायबरनेटमध्ये, स्मृतीची संपूर्ण प्रतिमा चकतीवर लिहून यंत्र बंद केले जाते. येथे वीज लागत नाही, मात्र जाग सावकाश येते. वापरणाऱ्याच्या लेखी ही झाकण मिटण्याइतकी साधी गोष्ट आहे. परिचालन प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, मात्र ती फार जड गेली. लिनक्स या मुक्त प्रणालीत ती बऱ्यापैकी भरवशाची होण्यास सुमारे एक तप लागले. या विलंबाचे कारण केवळ तांत्रिक नव्हते. कोणाची आज्ञावली गाभ्यात घ्यावी, कोणती परत पाठवावी व कशासाठी, या प्रश्नांचाही त्यात मोठा वाटा होता.

स्वरूप : निद्रेत जाताना गाभा प्रथम चालू प्रक्रिया गोठवितो. नंतर एकेक उपकरण क्रमाने झोपविले जाते; या क्रमात अपत्य आधी व पालक नंतर, असा नियम आहे. उदा., यूएसबीचा कळफलक आधी आणि तो ज्या नियंत्रकास जोडलेला आहे तो नंतर. त्यापुढे एक सोडून बाकीचे प्रोसेसर बाजूला काढले जातात, बाहेरून येणारे व्यत्यय-संदेश रोखले जातात आणि अखेरचे पाऊल यंत्राच्या मूळ संचातील आज्ञावली (फर्मवेअर) उचलते. जाग येताना हीच पावले उलट क्रमाने पडतात. या साखळीत अनेक ड्रायव्हर येतात. ते वेगवेगळ्या लोकांनी, पुष्कळदा उत्पादकाने कागदपत्रे न देता, अंदाजाने लिहिलेले असतात. त्यांपैकी एकाने जरी आपल्या उपकरणाची स्थिती नीट जपली नाही, तरी सर्व यंत्र उठत नाही. पडदा अद्याप उजळलेला नसल्याने चूक कोठे झाली, हे सांगायलाही जागा उरत नाही. काळा पडदा एवढेच काय ते लक्षण दिसते.

१९९२ मध्ये इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी ठरविलेल्या एपीएम या मानकात हे काम बहुतांशी फर्मवेअरकडे होते. गाभ्याने फक्त विनंती करावयाची असे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले आणि ऊर्जाव्यवस्थापनाची सूत्रे परिचालन प्रणालीच्या हाती दिली. लिनक्सचे खरे अडचणीचे दिवस येथून सुरू झाले. कारण आता प्रत्येक उपकरणाला झोपविण्याची व उठविण्याची जबाबदारी गाभ्यातील ड्रायव्हरवर आली होती.

परीक्षणाची रीत : फिनलंडचे लायनस टोरवाल्ड्स (२८ डिसेंबर १९६९– ) यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या गाभ्यात कोणीही बदल सुचवू शकतो. बदल ‘पॅच’ या रूपाने, म्हणजे काढलेल्या व घातलेल्या ओळींच्या यादीच्या रूपाने, ई-टपालाने पाठविला जातो. तो त्या विभागाचा सांभाळकर्ता व इतर जाणकार ओळीओळीने वाचतात. एका पॅचमध्ये एकच बदल असावा, त्याचे कारण सोबतच्या टिपणात सांगितलेले असावे आणि मालिकेतील प्रत्येक पायरीनंतर गाभा चालण्याजोगा राहावा, असा दंडक आहे. २००४ पासून प्रत्येक पॅचखाली पाठविणाऱ्याची उगमविषयक सही बंधनकारक झाली. परीक्षकाचे व चाचणी घेणाऱ्याचे नाव नोंदविण्याची रूढी त्यानंतर स्थिरावली. अशी नोंद म्हणजे मानपत्र नव्हे. पुढे बिघाड झाल्यास कोणाला विचारावे, हे त्यावरून कळते.

निद्रावस्थेच्या पॅचमध्ये परीक्षकाने पाहावयाच्या गोष्टी काहीशा वेगळ्या असतात. पाठविणाऱ्याच्या यंत्रावर आज्ञावली चालली, याला येथे फारसे मोल नाही. दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या क्रमाने, झोप येण्याच्या नेमक्या क्षणी एखादा व्यत्यय आला तर काय होईल, हा खरा प्रश्न असतो. हायबरनेटमध्ये तर चूक यंत्र अडकण्यापुरती मर्यादित राहत नाही. स्मृतीची प्रतिमा घेतल्यानंतर चकतीवर काही लिहिले गेले आणि मग ती जुनी प्रतिमा उठविली गेली, तर गाभ्याच्या समजुतीतील चकती व प्रत्यक्षातील चकती यांत फरक पडतो व वापरणाऱ्याच्या फाइली खराब होतात. संबंधित मार्गदर्शक टिपणाच्या आरंभीच याबद्दल ठळक इशारा दिलेला होता.

तीन आज्ञावलींचा वाद : लिनक्ससाठी हायबरनेटची पहिली उल्लेखनीय आज्ञावली गाबोर कुटी यांनी १९९८ च्या सुमारास लिहावयास घेतली. चेक प्रजासत्ताकातील पावेल माखेक यांनी ती पुढे नेली आणि २००२ मध्ये ती ‘स्वसस्प’ या संक्षिप्त नावाने २.५ या विकासमालिकेत दाखल झाली. तिची मोठी अडचण स्मृतीची होती. चालू स्मृतीची अचल प्रत घ्यावयाची, तर तेवढीच मोकळी स्मृती दुसरीकडे लागते. म्हणून झोपण्यापूर्वी जवळजवळ निम्मी स्मृती रिकामी करावी लागे. परिणामी यंत्र उठल्यावर काही काळ रखडत चाले. २००३ मध्ये पॅट्रिक मोशेल यांनी हीच आज्ञावली नव्याने मांडून ‘पीएमडिस्क’ नावाने गाभ्यात आणली. २.६ या आवृत्तीत म्हणून एकाच कामाच्या दोन आज्ञावली शेजारीशेजारी नांदत होत्या. २००४ मध्ये त्यांचे पुन्हा एकत्रीकरण झाले.

तिसरी आज्ञावली गाभ्याबाहेर वाढत होती. नायजेल कनिंगहॅम यांनी ‘सस्पेंड २’ (२००७ पासून ‘टक्सऑनआइस’) या नावाने स्वतंत्र शाखा चालविली. फारशी बदलणार नाहीत अशी स्मृतिपाने आधी चकतीवर लिहावयाची आणि मोकळी झालेली जागा उरलेल्या पानांची प्रत घेण्यासाठी वापरावयाची, ही त्यांची युक्ती होती. तिच्यामुळे संपूर्ण स्मृती जपता येई व यंत्र उठताच पूर्वीच्याच वेगाने चाले. शिवाय प्रतिमेचे संकोचन, प्रगतिदर्शक पट्टी व मध्येच झोप रद्द करण्याची सोय तिच्यात होती. वापरणाऱ्यांचा तिच्यावर लोभ होता. २००४ च्या अखेरीस कनिंगहॅम यांनी ती पन्नासहून अधिक पॅचच्या मालिकेने परीक्षणास ठेवली.

परीक्षकांचे आक्षेप थोडक्यात असे होते : आज्ञावली फार मोठी आहे, स्मृतिव्यवस्थेसारख्या नाजूक भागांना ती ठिकठिकाणी हात लावते, असलेली आज्ञावली टप्प्याटप्प्याने सुधारण्याऐवजी ती समांतर दुसरी उभी करते, आणि पडद्यावरील पट्टीसारख्या गोष्टी गाभ्यात असण्याचे कारण नाही. संकोचन व दर्शन ही कामे गाभ्याबाहेरच्या साध्या आज्ञावलीने करावीत, असे माखेक यांचे मत होते. वॉर्सा विद्यापीठातील सैद्धांतिक भौतिकीच्या क्षेत्रातून आलेले राफाएल व्हिसॉत्स्की यांच्यासह त्यांनी तशी रचनाही सिद्ध केली व ती २००६ मध्ये २.६.१७ या आवृत्तीत आली. कनिंगहॅम यांचे म्हणणे असे, की चालणारी वस्तू तयार असताना लोकांना वर्षानुवर्षे ताटकळत का ठेवावे. २००९ मध्ये समेटाचा आणखी एक प्रयत्न झाला, तोही पुरा झाला नाही. टक्सऑनआइस एकसंध रूपाने गाभ्यात कधीच आली नाही.

या वादात परीक्षकांची भूमिका तत्त्वतः बरोबर होती, कारण सांभाळण्यास माणूस नसलेली मोठी आज्ञावली काही वर्षांत गळ्यातली धोंड होते. परंतु तिची किंमत वापरणाऱ्यांनी मोजली, हेही खरे आहे. प्रतिमेचे संकोचन ही एकच सोय घेतली तरी ती गाभ्यातील हायबरनेटमध्ये २.६.३७ या आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०११ मध्ये आली. ती आली एका स्वतंत्र, लहान व सहज वाचता येणाऱ्या बदलाच्या रूपाने. २००४ मध्ये मोठ्या मालिकेचे असे तुकडे पाडून देण्यास लेखकाला कितपत साहाय्य मिळाले असते, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

२००७ मध्ये टोरवाल्ड्स यांनी स्वतः या क्षेत्रात कठोरपणे लक्ष घातले. स्मृतीतील निद्रा व चकतीवरील निद्रा ही मुळात भिन्न कामे असून ती एकाच वाटेने नेण्यात घोटाळा झाला आहे, असे त्यांचे मत होते. गाभ्याचे अंतर्गत धागे गोठविण्याच्या पद्धतीवरही त्यांनी टीका केली. त्यानंतर दोन्हींच्या आज्ञावली क्रमाने वेगळ्या करण्यात आल्या व त्या कामाचा मोठा भार व्हिसॉत्स्की यांनी उचलला. डिसेंबर २००९ मध्ये उपकरणे एकाच वेळी झोपवून वेळ वाचविण्याची त्यांचीच योजना टोरवाल्ड्स यांनी अनावश्यक गुंतागुंतीची म्हणून परत पाठविली. सोप्या केलेल्या रूपात ती २.६.३४ मध्ये स्वीकारली गेली. सांभाळकर्त्याच्या आज्ञावलीलाही परीक्षणातून सूट नव्हती, हे येथे दिसते.

दोषशोधनाची एक युक्ती उल्लेखनीय आहे. जाग येताना यंत्र अडकले, तर स्मृतीतील नोंदी पुसल्या जातात. परंतु संगणकातील घड्याळाची चीप आपल्या छोट्या बॅटरीवर चालू राहते. टोरवाल्ड्स यांनी २००६ मध्ये अशी सोय केली, की प्रत्येक पायरीची खूण सांकेतिक अंकाने त्या घड्याळातच लिहिली जावी. यंत्र अडकल्यावर काही मिनिटांच्या आत पुन्हा चालू केले, म्हणजे घड्याळ वाचून कोणत्या उपकरणापाशी गाडी थांबली ते कळते. या परीक्षेनंतर संगणकाची तारीख भलतीच दिसते. दोष सापडण्यापुढे त्याचे कोणी फारसे मनावर घेत नसे.

मोबाइल संचांचा प्रश्न : अँड्रॉइड प्रणालीच्या लेखकांनी निद्रेचा अर्थच बदलला. झाकण मिटल्यावर झोपण्याऐवजी, काम नसेल तेव्हा यंत्राने सतत झोपावे आणि ज्याला जागे ठेवणे भाग आहे त्याने तसे ‘कुलूप’ घालावे, अशी त्यांची पद्धत होती. फेब्रुवारी २००९ मध्ये आर्वे ह्योनेवोग यांनी गूगलतर्फे हे पॅच परीक्षणास ठेवले. २०१० च्या उन्हाळ्यापर्यंत त्यांवर शेकडो पत्रे लिहिली गेली. बेशिस्त उपयोजनांना वेसण घालण्याचे हे काम गाभ्याचे नव्हे, असा एक पक्ष. तर बॅटरी वाचविण्याचा दुसरा व्यवहार्य मार्ग दाखवा, असा दुसरा. दरम्यान अँड्रॉइडचे ड्रायव्हर २.६.३३ या आवृत्तीतून काढून टाकले गेले.

वादाच्या तळाशी एक खरी अडचण होती. दाराला कडी लावता लावता बाहेर टपालवाला येऊन उभा राहावा, तशी ती होती. फोन झोपण्याच्या बेतात असताना नेमका त्याच क्षणी कॉल आला तर तो हरवू नये, याची खात्री जुन्या रचनेत नव्हती. व्हिसॉत्स्की यांनी कुलपाऐवजी मोजणीचा उपाय काढला. जागे करणाऱ्या घटनांचा आकडा गाभा ठेवतो. झोपविणारी आज्ञावली तो आधी वाचते व झोपविण्यापूर्वी गाभ्याला परत सांगते. मधल्या काळात आकडा वाढला असेल, तर झोप रद्द होते. ही योजना ऑक्टोबर २०१० मध्ये २.६.३६ या आवृत्तीत आली आणि तिच्या आधारावर अँड्रॉइडच्या कुलपांशी मिळतीजुळती सोय जुलै २०१२ मध्ये ३.५ या आवृत्तीत झाली. हीच मोजणी आधी सुचती, तर दीड वर्षाचे भांडण टळते. पण भांडणाखेरीज ती सुचली असती, असेही नाही. भारतातून झालेल्या कामात बंगळूर येथे आयबीएममध्ये असताना श्रीवत्स भट यांनी निद्रा व प्रोसेसर बाजूला काढण्याची क्रिया यांच्या परस्परसंबंधावर २०११ पासून केलेले काम व लिहिलेले टिपण महत्त्वाचे आहे.

खैरातचा लॅपटॉप : महाराष्ट्रात या विषयाचा संबंध आला तो शाळेच्या वाटेने. निकोलस नेग्रोपाँटी यांनी जानेवारी २००५ मध्ये दाव्होस येथे जाहीर केलेल्या ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ (ओएलपीसी) या योजनेचा एक्सओ-१ हा लॅपटॉप लिनक्सवर चाले. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना शैक्षणिक दृष्ट्या शंकास्पद ठरवून नाकारली. तरीही २००७ च्या उत्तरार्धात रायगड जिल्ह्याच्या कर्जत परिसरातील खैरात-धनगरवाडा येथील लहानशा एकशिक्षकी प्राथमिक शाळेत तिचा प्रयोग सुरू झाला. सुमारे वीस मुलांच्या हाती हे हिरव्या-पांढऱ्या रंगाचे लॅपटॉप आले. भारतातील हा असा पहिला प्रयोग मानला जातो. यंत्रासाठी देवनागरी कळफलकही तयार करण्यात आला होता.

कर्जतच्या उत्तरेस लागून ठाणे जिल्ह्याचा मुरबाड तालुका आहे व त्यापलीकडे शहापूर. सह्याद्रीच्या पायथ्याची डोंगराळ भूमी, विखुरलेले पाडे, ठाकूर, कातकरी व महादेव कोळी यांची वस्ती आणि धो धो पावसाळा हे चित्र तिन्हींकडे सारखेच आहे. तानसा, वैतरणा व भातसा हे मुंबईला पाणी पुरविणारे जलाशय शहापूर परिसरातील. भातसा धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॉटचे जलविद्युत केंद्रही आहे. तरी तेथील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात आणि २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत राज्याच्या इतर ग्रामीण भागाप्रमाणे येथेही दिवसाचे बरेच तास वीज नसे. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची शाळा पुढे डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली. अशा शाळांत यंत्राची किंमत व त्याचा वेग यांइतकाच बॅटरी किती वेळ पुरते हा प्रश्न निकराचा असतो.

येथे साधा हिशेब पाहता येईल. समजा, बॅटरी २० वॉट-तासांची आहे व यंत्र ५ वॉट घेते. म्हणजे ती ४ तास पुरेल. तेच यंत्र निम्मा वेळ अर्ध्या वॉटवर झोपून राहिले, तर सरासरी २.७५ वॉट पडते व बॅटरी ७ तासांहून अधिक, म्हणजे शाळा सुटेपर्यंत पुरते. मूल पान वाचत असताना प्रोसेसरला काहीच काम नसते. एक्सओ-१ ची सर्व रचना याच विचारावर आधारलेली होती. त्यात ४३३ मेगाहर्ट्झचा जिओड प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती व चकतीऐवजी १ गिगाबाइटची फ्लॅश स्मृती होती. एवढ्याशा साठ्यावर हायबरनेट व्यवहार्य नव्हते, म्हणून सर्व भिस्त सस्पेंडवर होती. मेरी लू जेप्सेन यांच्या पडद्याबरोबरची डीकॉन ही चीप प्रोसेसर झोपला असतानाही पडद्यावरील चित्र तसेच ठेवी. वाचणाऱ्या मुलाला यंत्र झोपले आहे हे कळतही नसे. बिनतारी संपर्काच्या चीपला स्वतःचा प्रोसेसर असल्याने ती झोपलेल्या यंत्रातूनही शेजारच्या लॅपटॉपचे संदेश पुढे पाठवू शके. दोन कळा दाबण्यांमधल्या काळातही यंत्राने डुलकी घ्यावी, असे उद्दिष्ट जिम गेटिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ठेवले होते.

ते उद्दिष्ट कागदावर जितके लवकर उतरले तितके यंत्रात उतरले नाही. एक्सओ-१ मध्ये एसीपीआय नव्हते. मिच ब्रॅडली यांचे ओपन फर्मवेअर होते. त्यामुळे निद्रेची वाट जवळजवळ नव्याने बांधावी लागली. जॉर्डन क्राउझ, अँड्रेस सॅलोमन आदींनी लिहिलेली ही आज्ञावली कित्येक वर्षे ओएलपीसीच्या स्वतःच्या शाखेतच राहिली. मुलांच्या हाती यंत्रे पोहोचली, तेव्हा ती मुख्य गाभ्याच्या परीक्षणातून गेलेली नव्हती. गाभ्याची नवी आवृत्ती आली, की सर्व जोडकाम पुन्हा करावे लागे. निधी व माणसे कमी झाल्यावर हे ओझे न पेलणारे ठरले.

डॅनिएल ड्रेक यांनी २०१० नंतर हे काम मुख्य गाभ्यात नेण्याचे मनावर घेतले. त्यांनी मोठा गठ्ठा पाठविला नाही. प्रत्यक्ष झोपविणे व उठविणे हा एक पॅच. वीजकळ व जाग आणणारा संदेश हा दुसरा. त्यानंतर यंत्रातील अंतःस्थ नियंत्रकाचे संदेश, झाकणाचा स्विच, पडदा पुस्तकासारखा दुमडल्याचे कळविणारा स्विच, घड्याळ, असे एकेक अंग वेगळे काढून त्यांनी मालिका रचली. प्रत्येक पॅच स्वतंत्रपणे वाचता येई व नको असल्यास एकटा परत करता येई. जुलै २०११ मध्ये एक्स८६ विभागाच्या सांभाळकर्त्यांनी ती मालिका स्वीकारली आणि २४ ऑक्टोबर २०११ रोजी प्रसिद्ध झालेल्या ३.१ या आवृत्तीत ती समाविष्ट झाली. खैरातचा प्रयोग सुरू होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. डीकॉन चीपचा ड्रायव्हर मात्र कच्च्या आज्ञावलींसाठी राखलेल्या ‘स्टेजिंग’ विभागात घेतला गेला व तेथून तो मुख्य विभागात कधीच गेला नाही. पुढील एक्सओ-१.५ या लॅपटॉपमध्ये व्हिआ कंपनीचा प्रोसेसर व प्रमाण एसीपीआय होते. त्यासाठी वेगळी निद्राव्यवस्था लिहावी लागली नाही. एक लहानसा ड्रायव्हर पुरला.